सोमवारी दाखवू

...आणि चालायचं म्हणजे तरी कुठे चालायचं, ते सांगा ना! डॉक्टर म्हणाले, "हेमराजभाई, रोज सवारे चालवानुं. चालीस मिनिट." म्हटलं, बरं साहेब, चालतो, पण कुठपर्यंत? तर म्हणे, "क्यांय नहीं. बस, चालवानुं." कुठेच नाही! आता आमच्या सुरतेच्या डिंडोलीत माणूस चालतो तो एक तर खात्यावर, म्हणजे कारखान्यात जायला, नाहीतर खात्यावरून घरी यायला... नुसतं कुठेच न जाण्यासाठी चालणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी पहिल्या दिवशी निघालो तर हातात जेवणाचा डबा नाही, पिशवी नाही, आणि रेल्वे लायनीकडे सकाळी सकाळी जाणाऱ्या माणसाच्या हातात जे डबडं असतं तेही नाही! लोक काय म्हणणार? "काय हेमराजभाऊ, कुठे?" कुठे नाही, चाललोय. "घरात भांडण झालं का?" नाही हो. "मग असे तोंड पाडून कुठे?" अहो, तोंड माझं असंच आहे! तिसऱ्या दिवशी एकानं लुना थांबवली. "बसा मागं, सोडतो." म्हटलं, मला कुठे जायचंच नाहीये. "लाजता काय भाऊ, आपलीच गाडी आहे!" आणि ओढून बसवलं हो मला, उधन्याला नेऊन सोडलं, आणि वर म्हणतो, "आता आरामात जा." तिथून परत चालत आलो. चाळीस मिनिटांच्या जागी दीड तास झाला!

आणि एखाद्याला खरं सांगावं, की बाबा, मला हार्ट ॲटॅक येऊन गेलाय म्हणून चालतोय, तर तो मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो. "तुम्हाला? वय काय तुमचं?" बत्तीस. "बत्तीस?" असं विचारतो जसा काही मी कोणा म्हाताऱ्याचा ॲटॅक चोरून आणलाय! मलाही तेच वाटतं ना. आता बत्तीस हे काय वय आहे का हो, ॲटॅकचं?

तुम्हाला सांगतो, नीट पहिल्यापासून सांगतो, बसा. मी पॉवरलूमचा कारीगर. आठ सांचे माझ्या अंगावर. सांचा म्हणजे लूम, माग, जे म्हणाल ते. एका खात्यात असे साठ सांचे एकदम धडाडतात, खटखटाखट खटखटाखट, बारा तास! तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, हातवारे करतो. मी घरी गेलो तरी ओरडूनच बोलतो, माझी बायको चंचल म्हणते, "अहो, हळू, वरण वाढा म्हणताय, आग लागली म्हणत नाही." तर असं आमचं काम. आणि आमची सुट्टी कधी? आमच्या भागात पॉवर बंद असते त्या दिवशी. सोमवार. तेव्हा कारीगराच्या आयुष्यात जे काही घडायचं ते सोमवारी घडलं पाहिजे. केस कापायचे, सोमवारी. पोरगी पाहायला जायचं, सोमवारी. दाढ काढायची, सोमवारी. माझी मोठी पोरगी सोमवारी झाली, तर खात्यातले म्हणाले, शाब्बास, बापाचा खाडा नाही पडू दिला!

कारण काय, मधल्या वारी गेलात की तुमच्या सांच्यावर बदलीवाला उभा राहतो. आणि बदलीवाला एकदा उभा राहिला ना, की मुकादमाला तो तुमच्यापेक्षा देखणा दिसायला लागतो! म्हणून आमच्यात कोणाला काही दुखलं खुपलं की एकच बोल... "सोमवारी दाखवू." ताप आला? सोमवारी दाखवू. बोट सापडलं धोट्यात? फडकं बांध, सोमवारी दाखवू. मंगळवारी आजारी पडणाऱ्याचे तर फार हाल, त्याला सहा दिवस धरून ठेवावं लागतं!

मला गुरुवारी दुखलं. गुरुवार म्हणजे बरा वार, चारच दिवस काढायचे. छातीत असं कोणी गुडघा ठेवून बसल्यासारखं. आणि डावा हात जड. आता डावा हात जड का, तर मी दिवसभर सांच्याचा हँडल डाव्या हातानंच ओढतो, तो जड होणार नाही तर काय उजवा होणार? मग जबडा दुखायला लागला. म्हटलं, दाढ असेल, तीही सोमवारी काढून टाकू, दोन्ही कामं एका फेरीत. मग घाम. आता तुम्हीच सांगा, सुरतेत मे महिन्यात, पत्र्याच्या खात्यात, साठ सांच्यांमध्ये उभ्या माणसाला घाम आला तर त्यात नवीन काय? न येणाऱ्याला दाखवायला न्यायला पाहिजे! असं एकेक दुखणं मी एकेका कारणाला वाटून टाकलं, शिल्लक काहीच राहिलं नाही. आणि मुख्य म्हणजे, आता बत्तीस हे काय वय आहे का हो, डॉक्टरकडे पळायचं?

आणि आमच्या घराण्यात छातीत दुखणं म्हणजे गॅस. ठरलेलं आहे ते. आमचे आजोबा वायगोळ्यानं गेले. आमचे काका गॅसनं गेले, पंगतीतून उठले आणि गेले. आणि आमचे वडील, ते इथेच सुरतेत, माझ्यासारखेच सांच्यावर होते, मी अकरा वर्षांचा होतो, ते पण गॅसनंच गेले. गॅसचा मान आमच्या घरात मोठा, म्हणून आम्ही त्याला घाबरतो आणि ओवा खातो.

तर शुक्रवारी संध्याकाळी चंचल म्हणाली, "चला ना डॉक्टरकडे." म्हटलं, सोमवारी. ती म्हणाली, "सोमवार काय डॉक्टरचा जन्मवार आहे का?" मी म्हटलं, जास्त बोलू नको, गॅस आहे. तेवढ्यात गल्लीतल्या शांताबाई आल्या. शांताबाई म्हणजे बेंबीच्या डॉक्टर. गल्लीत कोणाला काहीही होवो, शांताबाई पोट दाबून सांगणार, "बेंबी सरकली." डोकं दुखतं? बेंबी. पोरगं नापास झालं? दाखव पोट, बेंबीच असेल! मला आडवं केलं, पोटावर पिठाचा दिवा लावला आणि वरून तांब्याची लोटी उपडी घातली. दिवा विझला, लोटीनं पोट आत ओढून धरलं, चांगली गच्च बसली. शांताबाई म्हणाल्या, "झालं. बेंबी जागेवर." आणि लोटी काढायला गेल्या तर लोटी निघेना! एकीकडून शांताबाई, दुसरीकडून चंचल, मधे मी, "अगं सोडा! अगं आतडी येतील!" शेजारची पोरं दारात गोळा. अर्धा तास हो, अर्धा तास मी पोटावर लोटी घेऊन बसलोय! शेवटी पच्च करून निघाली. शांताबाईंनी घाम पुसला आणि विचारलं, "आता बोल, छातीत दुखतंय?" आता पोटाची अशी आग होत असताना छातीकडे कोण लक्ष देतो? म्हटलं, नाही. "बघ," म्हणाल्या, "गेलं की नाही?"

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला ते परत आलं. आणि आलं ते असं आलं, की तो छातीवरचा गुडघा नव्हता, अख्खा माणूस होता. बॉबिनच्या पेटीवर मटकन बसलो. समोर तीन सांचे सोडून उखाआबा होते. उखाआबा म्हणजे आमच्या खात्यातले सगळ्यात जुने कारीगर, पंचावन्न वर्षांचे, वडिलांच्या बरोबरचे. मी ओरडलो, "आबा!" आता साठ सांचे चालू, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हात वर केला. आबांना वाटलं मी राम राम करतोय, त्यांनी पण केला. हसले सुद्धा. परत ओरडलो. काही नाही. खटखटाखट, खटखटाखट... आणि त्या आवाजात मला एकच गोष्ट स्पष्ट दिसली, की मी इथे मेलो तर साडेसातला पाळी सुटायच्या आत कोणाला कळणार नाही, आणि साडेसातला पण पहिल्यांदा मुकादम विचारेल, आठ सांचे बंद का आहेत? भीती वाटली हो. खोटं कशाला सांगू. दोन लहान पोरी आहेत मला. चौऱ्याण्णव साली प्लेग आला, अख्खं सुरत गाड्यांच्या टपांवर बसून पळालं, तेव्हाही मी एवढा भ्यालो नव्हतो.

आणि... लाइट गेली!

तुम्हाला सांगतो, लाइट गेली की आम्ही कारीगर लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. कापडाचे ताके होत नाहीत, हजेरी बुडते, वर उकडतं. पण त्या दिवशी साठ सांचे एकदम गप्प झाले आणि त्या गप्प खात्यात माझा एकट्याचा आवाज घुमला, "आई गं! मेलो!" सगळं खातं हसलं! त्यांना वाटलं हेमराज लाइट गेली म्हणून बोंबलतोय. एक जण म्हणाला, "येईल रे बाबा, दहा मिनटात येईल, एवढा काय जीव टाकतो!" जीवच टाकत होतो मी, पण त्याला कुठे ठाऊक! मग उखाआबांनी वळून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू जागेवर थांबलं.

मग काय, सगळे गोळा. लाइट नाही म्हणजे रिकामेच होते. एक म्हणतो, गॅस आहे, पाठीत धपके घाला. दुसऱ्यानं घातलेच. तिसरा म्हणतो, उलटं झोपवा. एक पोऱ्या पळत जाऊन गोटीचा सोडा घेऊन आला, फटकन् फोडला, माझ्या तोंडाला लावणार... तर उखाआबांनी त्याच्या हातातली बाटली हिसकली आणि भिंतीवर फेकली! असा माणूस, ज्यानं वीस वर्षांत मुकादमापुढे मान वर केली नाही, तो ओरडला हो, "सोडा नही! याना बापले बी सोडाच पाजेल व्हता मी! आम्ही सोमवारनी वाट देखत राहिनूत, अन् तो रविवारलेच गया!"

हे मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर ताक्यांचा टेम्पो उभा होता, गिऱ्हाइकाकडे निघालेला. आबांनी मला त्यात घातलं. कापडाच्या ताक्यांवर मी, आणि माझा हात धरून आबा. शेठ धावत आला, "अरे अरे, माल छे, माल! डाघ पडशे!" आबा म्हणाले, "पडू दे." बस. टेम्पो सुटला. रस्ताभर आबा रडत होते आणि मला म्हणत होते, "झोपू नको रे, झोपू नको." आता इतक्या मऊ कापडावर मी आयुष्यात कधी झोपलो नव्हतो, आणि झोपायला बंदी!

दवाखान्यात नेलं, छातीला वायरी लावल्या, त्या मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. जिभेखाली गोळी, हातात सुई, आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं कसलं ते इंजेक्शन. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "आ गॅस नथी भाई. ॲटॅक छे, ॲटॅक!" मी तशातही म्हटलं, साहेब, चुकतंय काहीतरी, बत्तीस हे काय वय आहे का?

दोन दिवसांनी जरा बरा झालो तर डॉक्टर वही घेऊन बसले. "घरमां कोईने हार्टनी तकलीफ?" म्हटलं, नाही साहेब, हार्टची कोणालाच नाही, आमच्यात सगळे गॅसनं जातात. "वडील?" छत्तीस. गॅस. "आजोबा?" चौतीस. वायगोळा. "काका?" एकोणचाळीस, त्यांनाही गॅस, पण त्यांचा जेवणाचा होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "हेमराजभाई, गॅसथी आटला बधा नहीं मरे." गॅसनं एवढी माणसं मरत नाहीत!

तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घरात चाळिशी कोणी बघितलीच नव्हती! आणि आम्ही ओवा खात बसलो होतो! तीन पिढ्या हो... आणि कोणी एकानं, एकदा, वेळेवर छाती दाखवली असती तर? राग आला मला. आधी वडिलांचा आला, मग माझाच आला, कारण मी काय वेगळं केलं होतं? मी पण सोमवारचीच वाट बघत होतो. बरं, तंबाखू दिवसाला तीन पुड्या, चहा पंधरा कप, नाश्त्याला भजी, रात्री शेवभाजीवर हे एवढं तेल तरंगतंय, आणि कोणी बोललं तर मी दंड फुगवून दाखवायचो, "बत्तीस वय आहे माझं, दगड पचवेन!" पचले का दगड? नसेत जाऊन बसले!

आता घरी आलो तर चंचलचं राज्य. नाव चंचल, पण एकदा बोलली की तसूभर हलत नाही. मीठ मोजून, तेल चमच्यानं. वांग्याचं भरीत करते आणि त्यावर तेल कसं, तर दुरून दाखवल्यासारखं! तंबाखूची पुडी तिनं माझ्यासमोर संडासात टाकली आणि म्हणाली, "आता ज्याला पाहिजे त्यानं काढून खा." मला भेटायला येणारे पाहुणे रतलामी शेव, खमण, भजी घेऊन येतात, माझ्या उशाशी बसतात, "बिचारा, तरणाताठा, बत्तीस वर्षांचा," म्हणत म्हणत माझ्यासमोर सगळं खाऊन जातात! मी बघतो. मला मुरमुरे.

शेठनं मात्र एक बरं केलं. आठ सांचे बदलीवाल्याला गेले, जायचेच होते, पण मला ताका तपासायला बसवलं. खुर्चीवर बसायचं, कापड पुढून सरकतं, डाग दिसला की खूण करायची. पहिला ताका आला तोच माझ्या घामाचा, गिऱ्हाइकानं परत पाठवलेला! ओळखला मी, आणि गुपचूप खूण न करता पुढे सोडला. आठच तास काम, आवाज कमी, संध्याकाळी उजेड असताना घरी. पोरींना मी उजेडात कधी नीट बघितलंच नव्हतं हो, सोमवार सगळा कामांत आणि झोपेत जायचा! धाकटीच्या गालावर तीळ आहे, मला माहीतच नाही! चंचल म्हणाली, "जन्मापासून आहे." आणि उखाआबा रोज सकाळी माझ्याबरोबर चालतात. आता दोघे जण कुठेच जात नाही, त्यामुळे कोणी विचारत नाही. आबांनी पण छाती दाखवून घेतली, आणि गंमत म्हणजे बुधवारी! अख्खं खातं बघत राहिलं, बुधवारी डॉक्टरकडे गेलेला हा पहिला कारीगर! त्यांना काही निघालं नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस ठणठणीत, आणि मला मात्र... आता बत्तीस हे काय वय आहे का हो?

पण खरी अडचण पुढे आहे. मागच्या तपासणीला डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "आम ज रहेशो तो सित्तेर पाका." असंच वागलात तर सत्तर नक्की! आता मी घरी आलो ते काळजीतच. सत्तर म्हणजे काय करतात? आमच्या घरात पुरुषांचं म्हातारपण हा धंदाच कोणाला माहीत नाही! चष्मा नाही, काठी नाही, कवळी नाही, खोकायचं कसं ते नाही. विचारू कोणाला?

परवा आरशासमोर भांग पाडत होतो तर कानाच्या वर एक पांढरा केस दिसला. लखलखीत. चंचलला हाक मारली, म्हटलं, चिमटा आण, उपट हा, लोक काय म्हणतील. चंचल आली, तिनं धरला केस चिमट्यात, आणि तेवढ्यात माझी आई आली. सखुबाई. तिसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं दोन पोरं वाढवलेली बाई, मोठ्यानं बोलणं माहीत नाही. तिनं चंचलचा हात धरला आणि म्हणाली, "राहू दे, उपटू नको." मग माझं डोकं उजेडाकडे वळवून तो केस बघत बसली, बराच वेळ. तिच्या डोळ्यांत पाणी, आणि हसत पण होती. म्हणाली, "तुना बाप म्हतारपणी कसा दिसता, हाई मी कधी देखंच नही. आते तू म्हतारा व्हय, भाऊ. तुले देखीसन तरी समजी माले."

चंचल पदर तोंडाला लावून आत गेली. मी चिमटा ठेवून दिला. आईनं आजपर्यंत माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं हो, आणि मागितलं ते हे! अहो, आता बत्तीस हे काय वय आहे का, म्हातारं व्हायचं?... पण आईचं काम आहे. सोमवारवर कसं टाकणार? लागलोय कामाला.